अपघाताची वर्दी

कारखान्यात अपघात झाला म्हणजे पहिली धावपळ जखमी मजुराला इस्पितळात पोहोचविण्याची असते, आणि ती तशीच असावयास हवी. परंतु त्याच घटकेस आणखी एक कर्तव्य मालकाच्या शिरावर येऊन पडते. झाल्या प्रकाराची वर्दी सरकारी अधिकाऱ्यास देणे, हे ते कर्तव्य होय. वरवर पाहता हे काम केवळ कारकुनी स्वरूपाचे भासते. एक कागद भरावयाचा, त्यावर सही करावयाची आणि तो रवाना करावयाचा, इतकेच त्याचे महत्त्व अनेकांस वाटते. वस्तुतः मृत मजुराच्या विधवेस भरपाई मिळणार की नाही, आणि त्याच यंत्रावर उद्या उभा राहणारा दुसरा मजूर सुखरूप घरी परतणार की नाही, हे दोन्ही प्रश्न पुष्कळ अंशी या एका कागदाशी निगडित असतात.

ही प्रथा बरीच जुनी आहे. इंग्लंडात १८४४ साली जो कारखान्यांचा कायदा झाला, त्यात एक साधी कसोटी घालून दिली होती. इजा झालेला मजूर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत कामावर परत येऊ शकला नाही, तर मालकाने चोवीस तासांच्या आत नेमलेल्या शल्यवैद्यास कळवावे, आणि त्याने अपघाताचे स्वरूप व कारण शोधून निरीक्षकास लिहावे, असा तो नियम होता. हिंदुस्थानात १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याबरोबरच अपघात कळविण्याचीही तजवीज केली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ८८ व्या कलमात ती अधिक स्पष्ट झाली. तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. तथापि वर्दीचे मूळ तत्त्व तिच्यातही कायम राहिले आहे.

या संहितेप्रमाणे कोणत्या गोष्टी कळवावयाच्या, हे नीट समजून घेणे इष्ट आहे. पहिली गोष्ट, मृत्यू. दुसरी, अशी शारीरिक इजा, की जिच्यामुळे माणूस अपघातानंतर लागोपाठ अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकत नाही. हे बंधन केवळ कारखान्यांवर नाही. खाणी, गोदीकाम, मळे, इमारतींची बांधकामे व इतर आस्थापना यांनाही ते लागू आहे. तिसरी गोष्ट म्हणजे घातक घटना. विहित प्रकारची अशी घटना घडली म्हणजे, एकाही माणसास खरचटले नसले तरी, ती कळविली पाहिजे. हे कलम १९७६ साली जुन्या कायद्यात प्रथम घालण्यात आले. त्यामागील विचार असा, की आज माणसे वाचली हा दैवयोग झाला; उद्या दैव तितके अनुकूल असेलच असे नाही. चौथी गोष्ट, धंद्यातून जडणारे रोग. शिशाची विषबाधा, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, असे रोग एका दिवसात होत नाहीत. म्हणून ते कळविण्याची जबाबदारी मालकाप्रमाणेच तपासणाऱ्या डॉक्टरावरही टाकलेली आहे.

वर्दी लवकर का द्यावयाची, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर सोपे आहे. अपघाताची जागा फार काळ जशीच्या तशी राहत नाही. तुटलेला पट्टा बदलला जातो, काढून ठेवलेले संरक्षक कवच पुन्हा बसविले जाते, जमिनीवर सांडलेले तेल पुसले जाते. साक्षीदारही कालांतराने विसरतात, किंवा त्यांना विसरावयास लावले जाते. म्हणूनच १९४८ च्या कायद्याने 'ताबडतोब' हा शब्द योजिला होता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १ जानेवारी २०१५ पासून तर तासांचाच हिशेब घातलेला आहे: मजुराचा मृत्यू झाल्यास आठ तासांत, आणि त्यास इस्पितळात दाखल करून घ्यावे लागल्यास, त्याचा एखादा अवयव तुटल्यास अथवा डोळा गेल्यास चोवीस तासांत मालकाने कळवावयाचे. आपल्या नव्या संहितेत किती वेळात व कोणत्या रीतीने कळवावे, हे नियमांवर सोपविले आहे. मात्र मृत्यूची वर्दी पोहोचल्यापासून दोन महिन्यांच्या आत अधिकाऱ्याने चौकशी केली पाहिजे, असे बंधन संहितेनेच घातले आहे.

अनेक मालक वर्दी देण्यास कचरतात, याचे कारण एक गैरसमज होय. वर्दी देणे म्हणजे अपराध कबूल करणे, असे त्यांस वाटते. परंतु कायदा अपघात कोणाच्या चुकीने झाला हे या पायरीवर विचारीतच नाही. चूक मजुराची असो, यंत्राची असो वा कोणाचीच नसो, वर्दी द्यावयाचीच असते. दोष ठरविणे हे चौकशीचे काम आहे. उलट जो वर्दी दडवितो, त्याच्याविषयी संशय घेण्यास मात्र सबळ कारण मिळते.

अठ्ठेचाळीस तासांच्या कसोटीतून पळवाट काढण्याचा मोहही होऊ शकतो. बोटे चिरडलेल्या मजुरास दुसऱ्या दिवशी बोलावून आणावे, त्यास दाराशी स्टुलावर बसवावे, आणि हजेरीपटावर खूण करून तो कामावर होता असे दाखवावे, म्हणजे वर्दी टळली! परंतु कायद्याचा प्रश्न मजूर आवारात हजर होता काय हा नसून, तो काम करू शकत होता काय, हा आहे. हजेरीपटावरील खुणेने चिरडलेली बोटे बरी होत नाहीत.

ठेकेदाराकडील मजुराच्या बाबतीत धोका याहून मोठा असतो. आज या आवारात, उद्या त्या आवारात असे त्याचे काम. अपघात झाल्यावर धनी ठेकेदाराकडे बोट दाखवितो आणि ठेकेदार धन्याकडे. वर्दीच दिली गेली नाही, तर तो माणूस त्या दिवशी तेथे होता, हेच सिद्ध करणे त्याच्या घरच्यांस अवघड होऊन बसते. भरपाईच्या मागणीची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते, आणि परगावाहून आलेल्या कुटुंबाची ती मुदत पुरावा गोळा करण्यातच निघून जाण्याचा संभव असतो. हे ओळखूनच १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात १९३३ साली दुरुस्ती झाली. मृत्यूचा अहवाल मालकाने सात दिवसांत आयुक्तांकडे धाडावा, तसेच कुटुंबाने अर्ज केला नसला तरी आयुक्तांनी आपण होऊन मालकाकडून खुलासा मागवावा, अशी सोय त्या दुरुस्तीने झाली.

तथापि वर्दी ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. पुढील वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्या कारखान्यातील धोक्यांविषयी वृत्तपत्रातून इशारे दिले. गोष्ट दडलेली नव्हती. परंतु तिच्यापासून जो बोध घ्यावयाचा तो घेतला गेला नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्याच कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. एका मृत्यूचा कागद दप्तरात बांधून ठेवला, तर पुढे किती मोठे दप्तर उघडावे लागते, याचे हे दारुण उदाहरण होय.

म्हणून वर्दीचा मार्ग मालकापाशी सुरू होत असला, तरी तिची काळजी सर्वांनीच वाहिली पाहिजे. अपघाताची तारीख, वेळ, जागा, यंत्र आणि जवळ असलेल्यांची नावे सोबत्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवावीत. इस्पितळाचे कागद घरच्यांनी जपावेत, आणि इजा कामावर झाली ही नोंद त्यांत आहे की नाही, हे पाहून घ्यावे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कारखान्यातील अपघाताविषयी विचारणा करता येते. ज्या अपघाताची नोंद झाली, त्याचे कारण शोधता येते आणि ते दूर करता येते. ज्याची नोंदच झाली नाही, तो पुन्हा घडण्याची वाट पाहत त्याच यंत्रापाशी दबा धरून बसलेला असतो.