चांद्रभूमीवरील छायाचित्रे : शंका आणि शहानिशा

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर पाऊल ठेवले. १९७२ अखेरपर्यंत सहा मोहिमांतून बारा अंतराळवीर तेथे उतरले. त्यांनी आणलेली छायाचित्रे जगभर पोहोचली आणि त्यांच्यामागोमाग शंकाही आल्या. माणूस चंद्रावर गेलाच नाही, असे प्रतिपादन करणारे पुस्तक बिल केसिंग या अमेरिकन लेखकाने १९७६ मध्ये काढले. त्याच शंका आता भ्रमणध्वनीवरून गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीसारख्या वनप्रदेशातही पोहोचू शकतात. विद्यार्थ्याने त्यांविषयी विचारल्यास 'पुस्तकात आहे म्हणून खरे' एवढे उत्तर पुरेसे नाही. सुदैवाने, या शंकांचा पडताळा शाळेच्या पटांगणावरच घेता येतो.

पटांगणावरील प्रयोग

पहिली शंका अशी की, आकाश काळे असूनही छायाचित्रांत तारे का नाहीत? चंद्रावर हवा नसल्याने तेथील आकाश दिवसाही काळे दिसते. अंतराळवीर उतरले ते चंद्रावरील दिवसा. उन्हाने उजळलेली भूमी व पांढरे पोशाख टिपण्यासाठी कॅमेऱ्याची झडप क्षणाच्या अल्पांशापुरतीच उघडली जाई. तेवढ्यात ताऱ्यांचा मंद प्रकाश फिल्मवर उमटत नाही. अहेरीत निरभ्र रात्री प्रखर दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र घ्यावे. डोळ्यांना दिसणारे तारे त्यात उमटत नाहीत.

दुसरी शंका सावल्यांची. सूर्य एकच, मग त्या निरनिराळ्या दिशांना कशा? सायंकाळी दोन बांबू सरळ रोवावेत. एकाची सावली सपाट जमिनीवर व दुसऱ्याची उतारावर पडू द्यावी. बाजूने पाहिल्यास दोन्ही सावल्यांचा कल वेगळा दिसतो. चांद्रभूमीही अशीच खाचखळग्यांची आहे.

तिसरी शंका ध्वजाची. वारा नसताना तो फडकलेला कसा? ध्वजाच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती. अपोलो ११ च्या वेळी ती पूर्ण बाहेर सरकली नाही, त्यामुळे कापडाला चुण्या राहिल्या. शिवाय हवेचा अडथळा नसल्याने रोवताना बसलेला हेलकावा तेथे लवकर थांबत नाही.

छायाचित्रांपलीकडील पुरावा

या मोहिमांनी सुमारे ३८२ किलो खडक व माती पृथ्वीवर आणली. त्यांतील काही नमुन्यांचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही केला. भारताच्या चांद्रयान-२ च्या कक्षायानाने २०२१ मध्ये अपोलो ११ च्या अवतरणस्थळाचे छायाचित्र घेतले. यानाचा तेथे राहिलेला खालचा भाग त्यात दिसतो. म्हणजे आता साक्ष एकट्या अमेरिकेची राहिलेली नाही.

शंकेचे सार्थक

७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम लँडर चंद्रावर आदळले. नासाने त्या भागाचे छायाचित्र सर्वांसाठी खुले केले. चेन्नईतील एका अभियंत्याने त्याची जुन्या छायाचित्रांशी तुलना केली, पूर्वी नसलेला एक ठिपका हेरला व नासाला कळविले. नासाने पडताळणी करून डिसेंबर २०१९ मध्ये तो विक्रमचा अवशेष असल्याचे जाहीर केले. या अभियंत्यानेही छायाचित्रातील विसंगतीच शोधली होती. परंतु त्याने तुलना केली आणि आपला निष्कर्ष इतरांच्या तपासणीस दिला. शंका आणि अफवा यांतील अंतर हेच होय.

विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. चंद्राविषयीच्या गैरसमजाने कोणाच्या घराचे नुकसान होत नाही. पण लस, औषध किंवा साथीविषयीच्या अफवेने जीव जाऊ शकतो. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांची शंका दडपू नये आणि पंचायत सदस्यांनी गावात आलेली वार्ता पारखूनच पुढे सांगावी. पटांगणात दोन बांबू रोवून लागलेली सवय गावाच्या कारभारातही उपयोगी पडेल.