तापलेल्या बीटलचा ‘सेल्फ’

जुनी फोक्सवॅगन बीटल सकाळी पहिल्याच किल्लीला चालू होते. तासभर हायवेवर पळून ती पेट्रोल पंपावर थांबते, टाकी भरली जाते, किल्ली फिरते आणि उत्तर येते फक्त ‘टक’. कधी तेवढेही नाही. गाडी निवली की सेल्फ पुन्हा बिनतक्रार लागतो. १९३८ ते २००३ या काळात २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या आणि त्यांच्या मालकांना हे दुखणे जगभर ठाऊक आहे. मेकॅनिक येईपर्यंत बिघाड पसार झालेला असतो. मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, नंतर स्टार्टर. पैसे जातात, दुखणे राहते.

याचे मूळ स्टार्टरच्या भुकेत आहे. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. मोटर काही सेकंदच फिरणार असेल, तर तिच्याकडून क्षमतेपलीकडचे काम करून घेता येते, हे त्यांनी ओळखले होते. आजही लहान गाडीचा स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. एवढ्या प्रवाहात ०.०१ ओहमचा नगण्य रोधही १५० अँपिअरला दीड व्होल्ट खातो.

बीटलमध्ये मात्र पहिला संशय जाड केबलवर नव्हे, बारीक वायरवर घ्यावा. बॅटरी मागच्या सीटखाली आणि स्टार्टर गिअरबॉक्सच्या बाजूला. पण स्टार्टरच्या सोलेनॉइडला, म्हणजे मोटर जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचला, हुकूम देणारी वायर पुढे डॅशबोर्डपर्यंत जाते आणि किल्लीच्या स्विचमधून पुन्हा मागे येते. सोलेनॉइड आत खेचला जाताना क्षणभर २०-३० अँपिअर मागतो. पन्नास वर्षांच्या वायरी, गंजलेले जोड आणि झिजलेला स्विच मिळून ०.१ ओहम रोध झाला, तरी २-३ व्होल्ट वाटेतच संपतात.

त्यात उष्णतेची भर. इंजिन बंद होताच पंखाही थांबतो आणि साठलेली उष्णता आजूबाजूला पसरते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सोलेनॉइडची कॉइल ६० अंशांनी तापली, तर जवळजवळ चौथा हिस्सा रोध वाढला. तितकाच व्होल्टेज आता कमी प्रवाह ढकलतो, खेच कमी पडते. थंड गाडीत जेमतेम भागत होते, ते तापल्यावर भागेनासे होते.

मल्टिमीटर लावून रोध मोजला, तर तो जवळपास शून्य दाखवतो. मीटर अगदी क्षीण प्रवाहाने मोजतो, त्यामुळे दोष त्याला दिसतच नाही. म्हणून मोजणी सेल्फ मारतानाच करायची, आणि गाडी तापलेली असताना. गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन पेट घेणार नाही अशी व्यवस्था, किल्लीवर दुसरा माणूस. मीटरची एक तार बॅटरीच्या धन खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या टोकावर. किल्ली फिरताच मीटर २-३ व्होल्टचा फरक दाखवत असेल, तर चोर याच वाटेवर आहे. जाड केबलच्या दोन टोकांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नसावा.

हीच परीक्षा अर्थिंगची. इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसतात, त्यामुळे बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी गंजली की प्रवाह क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली, तर आधी पट्टी बदलावी.

आवाजही पुष्कळ सांगतो. टक-टक-टक अशी घाई म्हणजे बहुधा बॅटरी दुबळी किंवा टर्मिनल सैल. एकच दणकट ‘टक’ आणि पुढे शांतता म्हणजे सोलेनॉइडचे जळके कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन ब्रश. आवाजच नाही, तर हुकमाची वायर.

तीच दोषी ठरली, तर स्टार्टरजवळ एक रिले बसवतात. किल्लीच्या स्विचमधून रिलेपुरता थोडा प्रवाह जातो आणि सोलेनॉइडला बॅटरीतून थेट ताकद मिळते. इलाज स्वस्त आहे, पण एक जागा त्याआधी तपासायलाच हवी. मॅन्युअल गिअरच्या बीटलमध्ये स्टार्टरच्या दांड्याचे टोक गिअरबॉक्सच्या आवरणातल्या बुशवर टेकते. तो झिजला की आर्मेचर तिरके होऊन घासते. स्टार्टर नवा आणला तरी बुश जुनाच राहतो. नव्या स्टार्टरबरोबर तोही बदलून घ्यावा.