आप्पांचा लंगोट

आमचे आप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते. शेतकरी, माळकरी आणि पैलवान! १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले आणि आप्पा तालमीत शिरले. गळ्यात माळ, म्हणून मटण वर्ज्य, खुराक दूध-बदामाचा. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्यांची कुस्ती ठरली, अन् त्याच आठवड्यात माझे वडील वारले. आप्पांनी कुस्ती सोडली, औत धरले. आम्हा भावंडांना शिकवले. पेरणी उरकून आषाढीची वारी मात्र कधी चुकवली नाही. ते हळहळल्याचे मला आठवत नाही. ते गेल्यावर ट्रंकेत ज्ञानेश्वरीखाली घडी घातलेला लाल लंगोट सापडला. माझ्या शिक्षणाची किंमत मला त्या दिवशी कळली.