टस्कीगी नेमकं कुठं आहे?

आपल्या मंडळाच्या वाचनात वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' झालं, त्या दिवशी एका ज्युनिअरनं विचारलं, "ताई, टस्कीगी म्हणजे नेमकं कुठं? शहर आहे की खेडं?" पुस्तक मी शाळेपासून तीनदा वाचलेलं, पण सांगता येईना. घरी येऊन नकाशा काढून बसले. त्या शोधातून हाती लागलं ते कार्व्हरच्या गोष्टीपेक्षा बरंच मोठं निघालं.

टस्कीगी हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या मेकन कौंटीचं मुख्य गाव. कौंटी म्हणजे कारभारानं आपल्या जिल्ह्यासारखी. आकारानं मात्र ही आपल्या एखाद्या तालुक्याएवढीच, सुमारे 1,590 चौरस किलोमीटर. राजधानी मॉन्टगोमेरीहून पूर्वेला हमरस्त्यानं निघालं की तासाभरात पोचता येतं. वायव्येच्या अंगाला टॅलापूसा नदी. उत्तरेला नोटासल्गाकडं उतरत आलेल्या टेकड्या, मधे रेताड जमीन आणि दक्षिणेला काळ्या मातीचा पट्टा. या पट्ट्याला तिथं 'ब्लॅक बेल्ट' असंच नाव आहे. आपल्या दख्खनची काळी माती लाव्हाच्या खडकातून झाली. तिथली झाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साठलेल्या चुनखडीतून. पीक मात्र दोन्हीकडं एकच, कापूस. आणि हे नातं काही मी ओढूनताणून जोडत नाहीये. 1840 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचं बी आणून आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात लावलं होतं. पुढं तो कापूस 'धारवार-अमेरिकन' नावानं बाजारात ओळखला जायचा.

ही जमीन मूळची मस्कोगी लोकांची. गोरे त्यांना क्रीक म्हणत. 1832 च्या मार्चमध्ये तह झाला, जमीन गेली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात इथं कौंटी उभी राहिली. नाव दिलं नॅथॅनिएल मेकन या नॉर्थ कॅरोलायनाच्या पुढाऱ्याचं. 1836 मध्ये मस्कोगींना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपी नदीपलीकडं हाकललं. मागोमाग कापसाचे मळेवाले आले आणि त्यांच्याबरोबर गुलाम. 1860 च्या शिरगणतीत कौंटीची लोकसंख्या होती सुमारे 26,800. त्यात 18,000 हून अधिक गुलाम! म्हणजे तीन माणसांत दोघं दुसऱ्याच्या मालकीची.

गुलामी संपली, पुरुषांना मत मिळालं. इथंच मला ही गोष्ट खरी सुरू झाल्यासारखी वाटते. लुईस ॲडम्स नावाचा पूर्वीचा गुलाम गावात पत्र्याची, चामड्याची कामं करायचा. काळ्या मतदारांत त्याच्या शब्दाला वजन होतं. 1880 च्या निवडणुकीत एक गोरा उमेदवार त्याच्याकडं मतं मागायला आला. ॲडम्सनं बदल्यात पैसे मागितले नाहीत, शाळा मागितली. सरकारनं शिक्षकांच्या पगारापुरते वर्षाला 2,000 डॉलर मंजूर केले, आणि 4 जुलै 1881 ला बुकर टी. वॉशिंग्टननं टस्कीगीत वर्ग सुरू केले. कार्व्हर आला तो 1896 मध्ये. कापूस घेऊन घेऊन जमीन निकस झालेली. चवळी, रताळी, भुईमूग आलटून पालटून घ्या, हे त्याचं सांगणं. 1906 पासून खेचरांच्या गाडीवर फिरती शेतीशाळाच निघाली. हा भाग तुम्ही पुस्तकात वाचलाच आहे.

पण ज्या मतांवर शाळा मिळाली, ती मतंच 1901 मध्ये गेली. अलाबामाच्या नव्या राज्यघटनेनं मतासाठी कर लावला, वाचता येण्याची अट घातली, आणि नोंदणीचा कारकून पाहिजे त्याला नापास करू लागला. कौंटीत काळे लोक बहुसंख्य, कारभार गोऱ्यांचा. गरीब काळ्या माणसाचं काय चालायचं त्याचा सगळ्यात वाईट पुरावाही इथलाच आहे. 1932 पासून 40 वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं इथल्या सुमारे 600 पुरुषांवर सिफिलिसचा 'अभ्यास' केला. त्यातल्या 399 जणांना रोग होता. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. संस्थेचं रुग्णालयही त्यात सामील होतं, हे लिहिताना मला जड गेलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती 1997 मध्ये.

तोवर त्या शाळेनं शिकलेली माणसं तयार केली होती, आणि माजी सैनिकांच्या इस्पितळात काळे डॉक्टर होते. ही मंडळी मत मागू लागली. मग 1957 मध्ये विधिमंडळानं टस्कीगी शहराची हद्दच बदलली. चौकोनी गाव 28 बाजूंचं झालं! सुमारे 400 काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे रेघेबाहेर, संस्थेचं आवारही बाहेर. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. आपण सीमाभागातले, नकाशावरची रेघ घरादारातनं कशी जाते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण इतकी वाकडी रेघ मीही पहिल्यांदाच बघितली. संस्थेतले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि इतर कोर्टात गेले. लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांत जाणं बंद केलं. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. 1966 मध्ये लुशियस ॲमरसन हा काळा माणूस कौंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला.

मत आलं, पण माणसं टिकली नाहीत. 2000 मध्ये लोकसंख्या 24,105, 2010 मध्ये 21,452, 2020 मध्ये 19,532. म्हणजे 1860 पेक्षाही कमी. (तेव्हाची कौंटी मोठी होती, 1866 मध्ये तिचे तुकडे शेजारी गेले, हेही धरायला हवं.) दहातले साधारण आठ जण काळे आहेत. शेजारच्या ली कौंटीत ऑबर्न विद्यापीठ आणि कारखाने. तिची लोकसंख्या 2020 मध्ये 1,74,241. खुद्द टस्कीगीत राहिलेत 9,395. तेव्हा ज्युनिअरबाईंना उत्तर असं: म्हणायला शहर, पण आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं.

गावाच्या ईशान्येला टस्कीगी राष्ट्रीय वन आहे, साधारण 11,000 एकरांचं, अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत सगळ्यात लहान. 1930 च्या दशकात सरकारनं शेतकऱ्यांकडून पार झिजलेली कापसाची जमीन विकत घेतली आणि झाडं लावली, तेच हे वन. तेव्हा कार्व्हर तिथंच होता, सत्तरीच्या घरातला.