घोळणा फुटला तर मान मागे नको, पुढे!

कुणी घोळणा फुटला म्हणतो, कुणी नकसीर फुटली म्हणतो. घराघरात नाव वेगळे, धावपळ मात्र एकच. पोर नाक धरून आत येते, शर्टावर लाल डाग दिसतात आणि घरातली सगळी मोठी माणसे एकदम ओरडतात, "मान वर कर!" कुणी डोक्यावर गार पाण्याचा तांब्या ओततो, कुणी कांदा फोडून हुंगायला देतो, दादी मुलतानी माती भिजवायला घेते. कांद्याने किंवा मातीने फार बिघडत नाही, फक्त वेळ जातो. पण मान वर करणे चूक आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे सगळ्यात पक्के बसले आहे.

मान मागे टाकली की रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. ते मागच्या बाजूने घशात उतरते. पोटात गेलेल्या रक्ताने मळमळते, उलटी होते, आणि उलटीत रक्त दिसले की घर आणखी घाबरते. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याची भीती असते.

मग करायचे काय? माणसाला बसवा, आडवे करू नका. मान आणि छाती थोडी पुढे झुकवा, समोर भांडे ठेवा. अंगठा आणि बोटाने नाकाचा खालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरा. वरचे हाड नव्हे, हाड दाबून काहीच होत नाही. तोंडाने श्वास घ्यायचा, घशात आलेले रक्त गिळायचे नाही, थुंकायचे. आणि आता खरी परीक्षा: घड्याळ लावून पूर्ण १० ते १५ मिनिटे हात काढायचा नाही. थांबले का बघू म्हणून आपण दर मिनिटाला बोट काढतो, तिथेच सगळे फिसकटते. बसत आलेली गुठळी निघते आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. कापसाचे बोळेही कोंबू नका, काढताना खपली त्याच्यासोबत येते.

एवढ्या साध्या दाबण्याने काम का होते? नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि वरची त्वचा फार नाजूक. दहापैकी साधारण नऊ वेळा रक्त तिथूनच येते, म्हणजे बरोबर आपल्या बोटांच्या चिमटीतून. हे जाळे फुटायला नाकात बोट घालणे, सर्दीत जोरजोरात शिंकरणे, ॲलर्जी किंवा कोरडी हवा पुरते. "उष्णता झाली" असे घरात म्हणतात ते अगदीच खोटे नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात किंवा रात्रभर एसी-कूलरसमोर झोपल्यावर नाक आतून सुकते, खपली धरते आणि बोट लागले की फुटते. पण त्यावर उपाय डोक्यावर पाणी हा नाही. नाक आतून ओलसर ठेवणे हा आहे. रात्री झोपताना बोटाच्या टोकाने थोडे साधे व्हॅसलीन आत लावा, मुलांची नखे कापा, मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. हजला जाणाऱ्या बुजुर्गांनी हे आधीच ध्यानात ठेवावे. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता. एहरामात लावायचे ते बिनवासाचेच घ्या.

रमजानमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न: रोजा तुटला का? नुसते नाकातून रक्त आल्याने रोजा तुटत नाही, जाणूनबुजून गिळले तर तुटतो. म्हणजे इथेही मान पुढेच बरी. वुजूबाबत हनफी घरांत वाहते रक्त निघाले की वुजू पुन्हा करतात. शाफई घरांत, म्हणजे कोकणातल्या बहुतेकांकडे, त्याने वुजू जात नाही, पण नमाजाआधी रक्त धुवावे लागते. वारंवार येत असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्या. दुसरी गोष्ट, घोळणा फुटल्यानंतर दोन-चार दिवस वुजूत पाणी जोरात वर ओढू नका, हळूच ओले करा. रोज्यात तशीही हीच ताकीद असते. त्या दिवशी नाक शिंकरणे, गरमागरम चहा, जड उचलणे टाळा आणि शिंक आली तर तोंड उघडून शिंका.

आता बीपी. घरात घोळणा फुटला की लगेच बीपीवर आळ येतो. घाबरल्यानेही त्या वेळी आकडा वाढलेला दिसतो, म्हणून शांत झाल्यावर पुन्हा मोजा. मात्र अब्बांना हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्त थांबायला वेळ लागतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायचेच, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ते नाकातल्या रक्तापेक्षा महागात पडू शकते.

दोनदा नीट दाबून, म्हणजे अर्ध्या तासानंतरही रक्त वाहतेच आहे, धार मोठी आहे, चक्कर येते, अंग पांढरे पडले आहे, किंवा डोक्याला-नाकाला मार लागून सुरू झाले आहे, तर १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. ताप आणि अंगदुखीसोबत नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले तर डेंग्यूची शंका घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ब्रुफेन, ॲस्पिरिन देऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला सहसा घोळणा फुटत नाही, म्हणून एकदा आले तरी दाखवा. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचे, रक्ताळ पाणी येत असेल तर आत मणी किंवा शेंगदाणा असू शकतो. घड्याळाचा बटन सेल असेल तर काही तासांत आतला भाग जाळतो, चिमट्याने काढत बसू नका. आणि एकाच बाजूने महिनोन्‌महिने रक्त येत असेल, नाक बंद राहत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा ते फुटणारी जागा औषध लावून तिथल्या तिथे जाळून बंद करतात, काही मिनिटांचे काम असते.