जंगलातले छायाचित्र : आधी शटर, मग बाकीचे

डिसेंबरातली सकाळ. ताडोबाच्या बांबूंमध्ये ऊन अद्याप उतरलेले नसते. चितळाची धोक्याची हाक येते, जिप्सी थांबते आणि झाडीतून वाघ बाहेर पडतो. रस्ता ओलांडून पलीकडे दिसेनासा व्हायला त्याला दहा-पंधरा सेकंद पुरतात. तेवढ्यात डझनभर छायाचित्रे निघतात. पण घरी संगणकावर पाहताना वाघाच्या जागी पट्ट्यांचा फराटा तेवढा दिसतो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. वास्तविक चूक बहुधा आधीच, जिप्सीत बसताना झालेली असते.

छायाचित्रातला प्रकाश तीन गोष्टींनी ठरतो : शटर किती वेळ उघडे राहते, लेन्सचे छिद्र म्हणजे अॅपर्चर किती मोठे आहे आणि सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजेच आयएसओ, किती ठेवली आहे. एकात कपात केली, की दुसऱ्यात वाढ करावी लागते. वन्यजीवांच्या बाबतीत या तिघांत पहिला मान शटरचा. प्राणी स्थिर नसतो, गाडीही हलते आणि लांब पल्ल्याची लेन्स प्रत्येक हेलकावा वाढवून दाखवते.

हातात कॅमेरा धरताना शटरचा वेग निदान लेन्सच्या पल्ल्याइतका असावा, असा जुना ठोकताळा आहे. ४०० मिलिमीटर लेन्सला १/४०० सेकंद. लेन्समधील कंप रोखणारी यंत्रणा हाताची थरथर सावरते; वाघाचे पाऊल मात्र ती थांबवू शकत नाही. म्हणून चालत्या प्राण्यासाठी १/५००, धावणाऱ्या चितळासाठी १/१००० आणि उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० किंवा त्याहून अधिक वेग हिशेबात धरावा.

हा वेग आणायचा कोठून? पहाटेच्या सावलीत अॅपर्चर एफ ५.६ आणि आयएसओ ४०० ठेवले, तर कॅमेरा साधारण १/१२५ सेकंद सुचवतो. फराटा येतो तो येथेच. आयएसओ दुप्पट केला, की शटरचा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८०० ला १/२५० आणि १६०० ला १/५००. आयएसओ वाढला, की चित्रात दाणे दिसतात, या भीतीने अनेकजण तो कमी ठेवतात. परंतु दाणेदार छायाचित्र संगणकावर बरेच स्वच्छ करता येते. हललेले छायाचित्र क्वचितच दुरुस्त होते. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत शटर व अॅपर्चर आपण ठरवून आयएसओची निवड कॅमेऱ्यावर सोपवता येते. जंगलात ही सोय फार उपयोगी पडते.

अॅपर्चर मोठे ठेवले, की प्रकाश भरपूर मिळतो आणि मागची झाडी पुसट होते. पण स्पष्टतेची खोली घटते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ४०० मिलिमीटर लेन्स एफ ५.६ ला २० मीटरवरच्या प्राण्याची जेमतेम ८० सेंटिमीटर खोली स्पष्ट टिपते. समोरून येणारा वाघ त्यात मावत नाही. म्हणून फोकस नेहमी डोळ्यावर धरावा आणि तो सतत प्राण्याचा माग काढेल, अशा पद्धतीवर ठेवावा. वाघीण व बछडे मागे-पुढे असतील आणि प्रकाश पुरेसा असेल, तर एफ ८ बरे.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापकही फसतो. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे, असे तो गृहीत धरतो. काळोख्या पाण्यातला पांढरा बगळा त्यामुळे जळाल्यासारखा निघतो. तेथे एक्स्पोजर पाऊण ते एक टप्पा कमी करावे. उजळ आकाशातला पक्षी उलट काळा पडतो. तेथे ते एक टप्पा वाढवावे. भिगवणच्या पाणथळीवर दहाच्या उन्हात उडणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी १/१६००, एफ ८ आणि आयएसओ ४०० ही सुरुवात चांगली.

बाकी तयारी साधी आहे. गाडीचे इंजिन बंद करायला सांगावे. तांदूळ भरलेली कापडी पिशवी गाडीच्या दांडीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवावी. वरची सर्व आकडेमोड प्रवेशद्वारापाशीच उरकावी आणि ऊन चढेल तशी बदलावी.

वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वाटेवर तार लावून, फ्लॅशच्या प्रकाशात रात्री वाघ टिपले. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. त्या काळच्या मंद काचांवर अंधारातला वाघ टिपण्याचा दुसरा मार्ग नव्हता. आज आयएसओने पहाटेचा अंधुक प्रकाशही पुरेसा केला आहे. त्यामुळे फ्लॅश उडवण्याची, आवाज करून प्राण्याला वळवण्याची किंवा घरट्यासमोरच्या फांद्या तोडण्याची सबब उरलेली नाही. घाबरलेला पक्षी घरटे सोडतो, तेव्हा उन्हात उघडी पडतात ती त्याची अंडी. कॅमेऱ्याची योग्य मांडणी शिकायची, ती प्राण्याला त्याच्या वाटेने जाऊ देऊनही चित्र मिळावे यासाठी.