येसर आणि भाकरी: आपल्या चारठाण्याचं ताट

चारठाण्याची हेमाडपंती मंदिरं बघायला पाहुणे येतात, आणि आपण घरचं ताट साधं म्हणून लाजतो. त्यांना येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी वाढू या.

येसर म्हणजे हरभरा डाळ, गहू, धने, जिरे, मसाला भाजून दळलेलं पीठ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. डाळ भाजेपर्यंत धने करपतात. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीत ओतायचं, गुठळ्या होत नाहीत.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ साली आलेल्या 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे. सोबत लिंबू घ्या, लोह अंगी लागतं.

आमच्या गटातल्या सासवांचं माप हाताच्या अंदाजाचं. सुनांनो, ते वहीत उतरवा. माप ठरलं की चव ठरते, आणि मगच येसर विकता येतं.